समासातली पेन्सिल

सीमेवर लढाई सुरू झाली तेव्हा मी भिलाईत लष्करासाठी खरेदीचे करार करत होतो. पोलाद कारखान्याचं बांधकाम अजून चालूच होतं आणि आमचं ऑफिस सेक्टर सहामधल्या एका क्वार्टरात होतं. समोरच्या टेबलावर ऑडिटर बसायचे. भंडाऱ्याकडचे, माझ्याहून वयानं बरेच मोठे.

आमच्यात एक रीत होती. फाइल हातात आली की ते पाहिल्याची सही शाईनं करायचे. खोट दिसली तर समासात पेन्सिलीनं हरकत लिहायचे. मी चूक दुरुस्त केली की ते स्वतःच ती हरकत खोडायचे. नाही केली तर शाईनं गिरवायचे, मग हरकत वर जायची. खोडरबर त्यांच्याच खणात असे.

काटेरी तारेच्या कुंपणासाठी लोखंडी खांब घ्यायचे होते. माल आला की तो मोहरबंद नमुन्याशी ताडून पाहायचा, असा नियम. ठेकेदारानं नमुनाच दिला नव्हता.

"साहेब, नमुना कुठी हाय?"

"येईल. लढाई आपल्या नमुन्यासाठी थांबणार आहे का?"

"लढाई नाही थांबत, पन खांब वाकते ना. तुमी तं ठेकेदाराच्या शब्दालेच मोहर लावून राहिले."

मी हसलो. त्यांनी सही केली आणि समासात पेन्सिलीनं हरकत लिहिली. ते नात्यातल्या लग्नाला दोन दिवस दुर्गला गेले आणि नेमका तेव्हाच माल आला. वरून फाइलीची घाई होती. मी त्यांचा खण उघडला, हरकत खोडली आणि फाइल पुढे पाठवली. शाईची सही तेवढी राहिली.

खडकाळ जमिनीत ठोकताना खांब वाकले. चौकशी आली. ऑडिटर म्हणाले, "मी पेन्सिलीनं लिहिलं होतं. साहेबांना विचारा."

मला विचारलं. "आठवत नाही," मी म्हणालो.

त्यांच्या सेवापुस्तकात शेरा गेला, बढती थांबली, बदली झाली. जाताना त्यांनी खोडरबर माझ्या टेबलावर ठेवला.

"ठेवा साहेब. तुमालेच लागते."

ते वारल्याचं मागच्या वर्षी कळलं. त्यांची मुलगी दुर्गमधल्या पद्मनाभपुरात राहते. भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "बाबांनी न पाहता सही केली होती म्हणतात." मी चहा घेऊन परत आलो. तिथंही बोललो नाही.

म्हणून हे लिहून तिला पाठवतो आहे. त्यांनी पाहिलं होतं. समासात लिहिलं होतं, 'मोहरबंद नमुना नाही. माल घेऊ नये.' ते मी खोडलं.