सोनेरी दातांवरचं कुंकू

दिवाळे गावातली माझी मावशी धवलारीण. आमच्या समाजाच्या लग्नांत धवले गाऊन लग्न लावणारी बाई. घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला, उरली नुसती घोगरी कुजबुज. त्याआधी तिचे सगळे धवले मी मोबाइलवर रेकॉर्ड करून लॅपटॉपमध्ये घेतले होते. मोबाइल पुढे खाडीत पडला. आणि आता माझा तो पातळ, हलका, नखरेल लॅपटॉपच मरायला टेकला होता. सुरू होईपर्यंत चहा उकळून उतू जायचा, आणि फाइल उघडली की सगळं गोठायचं.

पनवेलच्या दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, आतला ड्राइव्ह खराब झालाय. बदलून देतो, पण आतल्या डेटाची गॅरंटी नाय. आणि एवढा पातळ लॅपटॉप उघडायचा म्हणजे टेन्शन. नवीनच घ्या ना!"

नवीन घ्या! मावशीचा आवाज कुठल्या दुकानात नवीन मिळतो, ते काही त्याने सांगितलं नाही. मी लॅपटॉप उचलला आणि करंजाड्याला घरी आले. ड्राइव्ह मीच बदलणार होते.

नवा ड्राइव्ह आणला. च्युइंगगमच्या पट्टीएवढा, तेवढाच चपटा. एका डबीत घालून तो केबलने लॅपटॉपला जोडला आणि जुन्यातलं सगळं नव्यात उतरवायला घेतलं. मधेच अडकायचं, मी पुन्हा सुरू करायचे. तापला की पंख्याखाली धरायचे. तो हट्टी, तर मी त्याच्यापेक्षा हट्टी. एका रविवारी सकाळी कॉपी पुरी झाली आणि जुना ड्राइव्ह त्यानंतर उघडलाच नाही. धवले आता फक्त त्या पट्टीत होते.

मावशी त्या दिवशी माझ्याकडेच होती. मी लॅपटॉप पालथा घातला, रबरी पायांखाली दडवलेले स्क्रू काढले, जुनं एटीएम कार्ड फटीत सारून झाकण सोडवलं, बॅटरीची पिन काढली. जुना ड्राइव्ह निघाला. नवा डबीतून काढून टेबलावर ठेवला, तेवढ्यात एक स्क्रू घरंगळला आणि मी सोफ्याखाली शिरले. तो सापडल्यावर घाईघाईने ड्राइव्ह बसवला, चष्मा डोक्यावरच राहिला होता. बॅटरीची पिन जोडली, झाकण लावून बटण दाबलं. पडद्यावर आलं, ड्राइव्ह सापडत नाही.

माझी पाचावर धारण बसली. वळून पाहिलं तर मावशी देव्हाऱ्यापाशी उभी, बोट लाल.

"नवी वस्तू हाय," ती कुजबुजली. "पूजेबिगर लावाची नाय."

झाकण पुन्हा उघडलं. ड्राइव्हच्या टोकाला सोनेरी दात असतात, ते खाचेत बसले तरच लॅपटॉप त्याला ओळखतो. ओलं कुंकू नेमकं तिथे होतं. सोनं दिसलं, मग मान सोन्याला!

"मावशी, सगळं गेलं असतं ना!" मी ओरडले. तिने लाल बोट पदराला पुसलं. ओरडल्याचं मला लगेच वाईट वाटलं, पण रडत बसायची ही वेळ नव्हती. कापसाला स्पिरिट लावून दात पुसले, खाच पुसली, खोडरबराने हलक्या हाताने घासलं, वाळू दिलं. पुन्हा बसवला.

लॅपटॉप सुरू झाला. पहिला धवला लावला आणि मावशीचा तो भरदार आवाज खोलीत आला. ती दचकली, मग मांडीवर ठेका धरू लागली. मी मागोमाग गाऊ लागले. एका ओळीत चुकले तशी हातावर चापट बसली. ती ओळ पुन्हा लावली, पुन्हा म्हटली. पुन्हा चापट. जेवणं राहिली, दुपार कलली, मी काही सोडलं नाही. शेवटी धवला संपला आणि चापट आली नाही.

मावशी उठली, कुंकवाचा करंडा घेऊन आली. मी घाबरून लॅपटॉप मागे ओढला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. बोट कुंकवात बुडवून तिने माझ्या कपाळाला लावलं.

"नवी धवलारीन हाय," ती कुजबुजली.