बांगडीएवढं काळं कडं

आज घाटकोपरला आमच्या गच्चीवर जे झालं, ते अजून माझ्या डोक्यात मावत नाही.

माझी सून रेडिओवरून परदेशातल्या लोकांशी बोलते. ती बोलली की खालच्या सुलभाच्या टीव्हीतून बदक ओरडल्यासारखा आवाज येतो. सकाळी सुलभाने बजावलं, “आज अँटेना उतरवा, नाहीतर मी तोडते.”

सून म्हणाली, “आई, रेडिओच्या लहरी अँटेनाच्या वायरच्या बाहेरून खाली येतात. अडवते त्यांना.”

“मांजर आहे का अडवायला?” मी विचारलं.

तिने अँटेनाजवळ वायर फेराइटच्या, म्हणजे लहरी अडवणाऱ्या लोहयुक्त पदार्थाच्या, बांगडीएवढ्या काळ्या कड्यातून ओवून गुंडाळली आणि खोलीत रेडिओपाशी बसली.

थोड्या वेळाने सुलभा वर आली. “कधी बोलणार गं ती? मी टीव्ही लावून बसलेय.”

“कधीची जपानशी बोलतेय ती!”

म्हणजे टीव्हीतलं बदक गेलं! सुलभा अँटेनाला हात न लावता खाली गेली. डोळ्यांना दिसत नाही ते अडवायचं पहिल्यांदा कोणाला सुचलं असेल, सांगा बघू?