हार पडला की तोंड बंद

इरण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शुक्रवार पेठेतल्या आमच्या गोडाऊनच्या दारात शिडीवर उभा होतो. खाली विनायक, माझा मुलगा, पिकअपमध्ये मांडवाचे बांबू आणि खुर्च्या चढवत होता. अक्कलकोटला लग्न होतं. फोनवर कुंभारीहून त्याच्या बायको, गौरव्वावहिनी होत्या. "मालक, ह्ये गेले की ओ..." एवढंच म्हणाल्या आणि फोन तसाच चालू राहिला. थापा मारण्यात माझा हात धरणारा पेठेत कुणी नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण हे खरं लिहितो : माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. पहिल्यांदा आलं ते असं, की आता मला कोण सांगणार, त्या गाडीखाली काय होतं? आणि शिडीवरून खाली बघतो तर विनायक त्याच गाडीच्या स्टेअरिंगवर बसत होता. मी वरूनच ओरडलो, "उतर! आज न्हाई जायचं!" त्याला वाटलं, बाप दुःखानं ओरडतोय. मी वाटू दिलं.

इरण्णाचा धंदा काय, असं कुणी विचारलं तर सांगायची पंचाईत व्हायची. तीस वर्षं त्यानं गॅरेजात काढली, मग हात कापायला लागला तसा कुंभारीला घरी बसला. पण बसणारा माणूस नव्हता तो. कुणीही नवी पिकअप घ्यायला निघाला, भाजीवाला असो, दूधवाला असो की आमच्यासारखा मांडववाला, तो आधी इरण्णाला गाठायचा आणि गाडी ताब्यात घेण्यापूर्वी दाखवायला न्यायचा. लोक हसायचे. जुनी गाडी दाखवून घेतात हे ठीक, नव्या गाडीत काय बघायचं? त्यावर इरण्णाचं उत्तर ठरलेलं. "मालक, जुन्या गाडीची खोड शंभर जणांना ठावं असती. नवीची खोड तिची तिलाच. नवी गाडी म्हंजे अजून कुणी न बगितलेली गाडी."

बघायला जाताना त्याच्या काखेत एक गोणपाट असायचं आणि खिशात चुन्याची डबी. तंबाखू चिमूटभर, चुना मात्र महिन्याला डबी डबी लागायचा या माणसाला. शोरूममधले लोक त्याला बघून शटर खाली ओढायचे, असं मी सांगत असतो. शटर नाही ओढायचे, पण चेहरे ओढायचे हे नक्की. आत, ट्यूबलाइटखाली, तो गाडीकडं ढुंकून बघायचा नाही. "भायेर काडा. उन्हात बगू. नवरी मांडवात सगळ्यांचीच गोरी." उन्हात आल्यावर तो दारांच्या फटींवरून करंगळी फिरवायचा, वर जाड आणि खाली बारीक लागली की नकाराची मान हलवायचा, सारखी लागली की डोलवायचा. रंगाची छटा बॉनेटवर एक आणि दारावर दुसरी असली तर ते त्याला वीस पावलांवरून दिसायचं. टायरवर छापलेला, तो बनल्याचा आठवडा वाचायचा, बॅटरीची तारीख वाचायचा, चेसिसचा आकडा कागदाशी एकेक अक्षर लावून बघायचा. टपावर घागरभर पाणी ओतायला लावून स्वतः आत बसायचा, काचा वर करून, ध्यानाला बसल्यासारखा. एका शोरूमात त्याच्या टकलावर एकच थेंब पडला आणि त्यानं ती गाडी परत आत ढकलायला लावली. मग गोणपाट पसरून तो गाडीखाली जायचा, आणि तिथून एकेक शब्द यायचा. कधी मराठी, कधी कानडी. "नोड्री... ह्ये बगा. तेल." मी तर म्हणतो, सुटलेला स्क्रू तिकडं लांब करकंबला वाजला तर हा कुंभारीत उठून बसायचा.

पण या माणसाचा एक नियम होता आणि तोच माझ्या मुळावर आला. गाडीला हार पडला की तोंड बंद. हार घालण्याआधी तो शंभर दोष काढील, मॅनेजरशी भांडेल, कागद फाडील. एकदा का हार पडला, चाकाखाली लिंबू चिरडलं, नारळ फुटला, की मग गाडीला चाक नसलं तरी इरण्णा म्हणणार, "चांगली हाय की. पेढा द्या."

यामागं करकंबच्या एका केळीवाल्याची गोष्ट होती. तारुण्यात इरण्णानं त्याच्या हार पडलेल्या गाडीत दोष सांगितला. दोष काय, तर बंपरची एक क्लिप ढिली. पण सांगितलं हार पडल्यावर, त्याच्या आईसमोर. झालं! आईनं ते अपशकुन म्हणून धरलं. गाडी अंगणात उभी राहिली ती राहिलीच. केळीवाला स्टेअरिंगला हात लावताना घामानं भिजायचा. शेवटी कोंबड्या सीटवर अंडी घालायला लागल्या. (कोंबड्या माझ्या पदरच्या, बाकी इरण्णाचं.) "गाडी बिगडली नव्हती मालक," तो म्हणायचा, "मानूस बिगडला. म्या बिगडवला. आपली झालेल्या गाडीवर भ्या बसलं की ब्रेकपण लागत न्हाईत आन् गाडीपण चालत न्हाई."

सात वर्षांपूर्वी दसऱ्याला आम्ही पिकअप घेतली. विनायक नुकताच धंद्यात आला होता, गाडी तोच चालवणार होता. इरण्णाला दोन दिवस आधी सांगून ठेवलं होतं. पण दसऱ्याच्या सकाळी त्याची स्कूटर वाटेत पंक्चर झाली. इकडं शोरूमच्या अंगणात एकवीस गाड्या रांगेत, एकच गुरुजी, आणि ते मुहूर्त टळतोय म्हणून नुसते नाचतायत. सेल्सवाला पोरगा हार हातात घेऊन उभा. "साहेब, तुमचा नंबर गेला तर मग दुपारी." आमच्या मंडळींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणजे हजार माणसांचा मांडव एका दिवसात उभा करणारा गडी, पण बायकोच्या आणि गुरुजींच्या मधे मी कापूस. घातला हार. नारळ फुटला आणि त्याच आवाजावर फाटकातून इरण्णा आत आला. घामाघूम, काखेत गोणपाट.

त्यानं हार बघितला. तिथंच थांबला. मग चप्पल नीट करायची म्हणून खाली वाकला, आणि वाकल्या वाकल्या त्याची नजर मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला गेली. मी मोजलं नाही, पण चप्पल नीट करायला माणसाला एवढा वेळ लागत नाही. उठला. "चांगली हाय की," म्हणाला. "पेढा द्या." पेढा दिला. त्यानं अर्धा खाल्ला आणि अर्धा कागदात बांधला.

आता सांगा, इरण्णाला ओळखणाऱ्या माणसानं या अर्ध्या पेढ्याचा काय अर्थ घ्यायचा? अख्ख्या जन्मात त्यानं पेढा अर्धा ठेवला नव्हता. त्या दिवसापासून सात वर्षं मला त्या गाडीची भीती. तीन गॅरेजवाल्यांना गाडी दाखवली. तिघंही म्हणाले, काही नाही. त्यानं तर माझी भीती तिप्पट झाली. तिघांना दिसत नाही आणि इरण्णाला वाकल्या वाकल्या दिसलं, म्हणजे ते केवढं खोल असेल! विनायक अक्कलकोटच्या रस्त्याला लागला की मी दर अर्ध्या तासानं फोन करायचो. "पोचलास?" "अप्पा, आत्ता वळसंग आलं." "आवाज येतोय का काही?" "तुमचाच येतोय."

इरण्णाला मी किती परीनं विचारलं! चहा पाजून, शपथ घालून, भांडून. "काय बगितलं ते सांगा की ओ मिस्त्री." तो चुन्याची डबी उघडायचा. "सुम्न कुंद्री मालक. गप बसा जरा. हार पडलाय न्हवं?"

पण दर अमावस्येला तो आमच्या गोडाऊनला यायचा, न चुकता. गाडीला लिंबू-मिरची बांधायला. पहिल्या अमावस्येला मी आणलेल्या मिरच्या त्यानं मोजल्या. "पाचच? सात पायजेत. जावा." मी मंडईत जाऊन दोन मिरच्या आणल्या. तर म्हणे लिंबाला डाग हाय, बिनडागाचं आणा. पुन्हा मंडई. माझ्यासारख्या देहाच्या माणसाला त्यानं भर उन्हात तासभर पळवलं. परत आलो तर हा गोणपाट टाकून गाडीच्या मागच्या चाकांमधे उताणा. मी म्हणालो, "मिस्त्री, लिंबू फुडं बांधत्यात, तुमी मागं कुटं शोधताय?" आतून आवाज आला, "पाठ सरळ करतोय."

मग ते ठरूनच गेलं. अमावस्या आली की इरण्णा यायचा, लिंबू बांधायचा, मागच्या चाकांमधे पाच मिनिटं पाठ सरळ करायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. गोणपाट त्यानं गोडाऊनच्या खिळ्यालाच अडकवून ठेवलं होतं. मी सगळ्या पेठेला सांगायचो, की आमच्या पिकअपच्या सावलीत औषधी गुण आहे, कुंभारीहून लोक पाठ दाखवायला येतात.

शेवटची भेट कुंभारीत, त्याच्या घरी. लागोपाठ दोन अमावस्या चुकल्या होत्या. खाटेवर तो एवढासा झालेला, आवाज उतरलेला. गौरव्वावहिनी पाणी आणायला आत गेल्या तसा मी वाकलो. लाज वाटते लिहिताना, पण मरणाऱ्या माणसाला मी बरं वाटतं का हे विचारलं नाही. "इरण्णा, आता तरी सांगा. पोरगं रोज ती गाडी चालवतंय. काय बगितलं होतं?" त्यानं डोळे उघडले.

"अमुशा कंदी हाय?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, पंधरा दिवसांनी. त्यानं मान डोलवली, जशी फट बरोबर लागल्यावर डोलवायचा तशी... मला वाटलं, भान गेलं. पाचव्या दिवशी फोन आला.

त्यांच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. आयुष्यभर गाड्यांखाली उताणा पडलेला माणूस शेवटी मांडी घालून ताठ बसून गेला. पाठ एकदाची सरळ झाली, असं माझ्या तोंडावर आलं होतं. नेहमी मी बोललोच असतो. त्या दिवशी नाही बोललो.

त्यानंतर दहा दिवस मी गाडी जागची हलू दिली नाही. विनायकनं भाड्याचा टेम्पो लावला, चिडला, बोलला. "अप्पा, ती गाडी सात वर्षं चालतीय की! मिस्त्री गेले म्हणून गाडी मेली का?" गोडाऊनच्या दारात उभी ती गाडी मला करकंबच्या केळीवाल्याची वाटायला लागली. कोंबड्या तेवढ्या यायच्या राहिल्या होत्या.

अमावस्येला सकाळी मी सवयीनं लिंबू आणि सात मिरच्या आणल्या. बांधल्या. मग खिळ्यावरच्या गोणपाटाकडं नजर गेली, आणि त्याचा प्रश्न आठवला. अमुशा कंदी हाय?... गोणपाट काढलं. मागच्या चाकांमधे पसरलं. माझं पोट गाडीखाली कसं गेलं हे गाडीला आणि मलाच ठाऊक. अर्ध्यात असं अडकलो होतो, की जॅक लावायची वेळ आली होती. टॉर्च लावला. मागच्या चाकाजवळच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ॲक्सलशी आवळून धरणारे चार नट डोळ्यांसमोर आले. तीन एकसारखे, गंजून तांबूस झालेले. चौथा निराळा. उंच, बाजारातून आणलेला, कुणीतरी हातानं बसवलेला. आणि त्या नटावरून खालच्या पट्टीवर ओढलेली पांढरी रेघ. चुन्याची.

ती रेघ मला माहीत होती. त्याच्या गॅरेजात प्रत्येक आवळलेल्या नटावर ती असायची. नट केसभर जरी फिरला तरी रेघ मधोमध तुटते आणि बघणाऱ्याला कळतं. इथं रेघेवर रेघ होती, महिन्यावर महिना, भिंतीवर दिवाळीच्या सफेदीचे हात चढावेत तशी जाड झालेली. कडा पावसापाण्यानं गेल्या होत्या, पण मधे कुठंही तुटलेली नव्हती.

मी तिथंच पडून राहिलो. म्हणजे दोष होता. दसऱ्याला होता आणि पहिल्याच अमावस्येला, मी दोन मिरच्यांसाठी मंडईत घाम गाळत होतो तेव्हा, इरण्णानं नवा नट घालून तो काढला होता. सात वर्षं मी ज्याला भ्यालो ते तिथं नव्हतंच. आणि ज्यानं ते काढलं, त्याचा मात्र आपल्याच हातावर विश्वास नव्हता. कापरा झालेला हात. म्हणून कुंभारीहून दर महिन्याला तो ती रेघ बघायला यायचा. भीती आम्हा दोघांनाही होती. मी ती साऱ्या पेठेत वाजवत फिरलो, त्यानं ती गोणपाटात गुंडाळून खिळ्याला लावली.

गोणपाटाच्या दुमडीत काहीतरी टोचत होतं. चुन्याची डबी. बोट घातलं, चुना वाळून गेला होता. थुंकी लावून कालवला आणि जुन्या रेघेवर नवी रेघ ओढली. वाकडी आली. त्याची सरळ असायची.

बाहेर पावलं वाजली. विनायकचे बूट चाकाशी येऊन थांबले. "अप्पा? खाली काय करताय? काय झालंय का गाडीला?"

सांगून टाकावं असं फार वाटलं. सगळं, पहिल्यापासून, माझ्या पद्धतीनं, कोंबड्यांसकट. इथं लिहिलंय ते चालेल, पेपरची ही पुरवणी आमच्या घरात फक्त मी वाचतो. पोरगं क्रिकेटच्या पानापलीकडं जात नाही. पण त्या गोणपाटावरून मान गाडीबाहेर काढली तेव्हा मला गाडीचा पुढचा भाग दिसला, आणि आरशाच्या दांड्याला अजून बांधून ठेवलेला दसऱ्याच्या हाराचा वाळलेला दोरा.

"चांगली हाय की," मी म्हणालो. "जा घेऊन उद्या. मी जरा पाठ सरळ करतोय."