नक्षीदार रिव्हॉल्व्हरची जोडी आणि मिझुरीचा रस्ता

ऐंशीच्या दशकातली ही ट्रिप. तेव्हा मी ओहायोत, कोलंबसला राहत होते. हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर, एकटी. ओळखीचे लोक सुट्टीत नायगारा करत, फ्लोरिडा करत. मी निघाले मिझुरीला, एका जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी.

माझा छंद कुणाला पटत नसे. नागपूरपासूनची मैत्रीण शैला म्हणालीच, "अगं, बायका चांदीची भांडी जमवतात. तू दिवसभर गोळ्या लागलेली माणसं बघतेस, आणि घरी पुन्हा हेच?" पण गोळी मी आयुष्यात कधी विकत घेतली नाही. मला वेड होतं ते पोलादावर हाताने कोरलेल्या वेलबुट्टीचं. माझं सगळ्यात लाडकं रिव्हॉल्व्हर शंभर वर्षांपूर्वीचं, हस्तिदंती मुठीचं, आणि ते जोडीतलं एक होतं. दुसरं मिझुरीत वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे आहे, असं एका विक्रेत्याकडून कळलं. फोन केला. "तुमचं घेऊन या, बघू," एवढंच ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी इंटरस्टेट सत्तर हा हायवे धरला. तेव्हा वेगमर्यादा पंचावन्न मैलांची, त्यामुळे इंडियाना संपता संपेना. दोन्हीकडे कापलेली मक्याची शेतं. रेडिओवर एखादं गाणं रंगात यावं आणि स्टेशन खरखरत विरून जावं. शाकाहारी असाल तर रस्त्याकडेच्या डायनरमध्ये ग्रिल्ड चीज आणि अ‍ॅपल पाय यावर भागवा. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती गाडीतच बसून खाल्ली.

मुक्काम इलिनॉयमध्ये, पंचवीस डॉलरच्या मोटेलात. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "एकट्याच?" मी हो म्हटलं. तिने पुढे केलेल्या दोन टॉवेलांतला एक परत ठेवला.

शनिवारी सेंट लुइसला मिसिसिपी ओलांडली. पुढे हायवे सोडल्यावर शेवटचा रस्ता खडीचा, तिथे गाडी हळू घ्या. वॉल्टर पोर्चवर वाट बघत उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. घरात बाईचा वावर संपून बरीच वर्षं झाली असावीत. पडदे होते, पण ते कुणी धुतलेले नव्हते.

कॉफी झाली. त्यांनी विचारलं, "मग, किती घेणार?"

"ते तुम्हीच सांगा. विकणारे तुम्ही."

"मी? मी तर तुमचं विकत घ्यायला बसलोय!"

एवढा लांबचा पल्ला मारून मी आले होते, आणि ते सकाळपासून कपडे करून बसले होते. मला रडूच येईल असं वाटलं. अखेर तेच म्हणाले, "निदान शेजारी शेजारी ठेवून तर बघू."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दोन्ही रिव्हॉल्व्हरं ठेवली. माझ्यावरची वेल उजवीकडे वळत होती, त्यांच्यावरची डावीकडे. माझ्या वेलीत कोरलेला पक्षी इतकी वर्षं कुठे बघतो ते मला कळलं नव्हतं. तो दुसऱ्या पक्ष्याकडे बघत होता. वॉल्टरनी नळीवरून अंगठा फिरवला. "मला आता नक्षी दिसत नाही," ते म्हणाले, "फक्त बोटांना लागते."

मग त्यांनी सूप गरम केलं. चिकनचं होतं. मी खात नाही म्हटल्यावर ओशाळून त्यांनी मला पाव, लोणी आणि पीचचा मुरंबा दिला. मी निघायला उठले, तसं त्यांनी जोडी फ्लॅनेलच्या मऊ कापडात गुंडाळली, दोन्ही एकत्र.

"न्या. माझ्यामागे मुलं लिलावात काढतील, पुन्हा ताटातूट होईल."

मी त्यांना चेक दिला, त्यांनी आकडा वाचलाही नाही. गाडी वळवताना आरशात बघितलं, तर ते पोर्चवर एकटेच हात वर करून उभे होते.

रविवारी संध्याकाळी घरी पोचले. जोडी डायनिंग टेबलावर मांडली. वर्षानुवर्षं शोधलेली वस्तू समोर होती आणि दाखवायला कुणी नव्हतं. शैलाला फोन लावणार होते, पण वॉल्टरना लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"पोचलात?" त्यांनी विचारलं. अमेरिकेत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी एकही रिव्हॉल्व्हर घेतलं नाही, हौसच उरली नाही. दर रविवारचा फोन मात्र ते होते तोवर एकदाही चुकला नाही.