रोज नावाचं गाऱ्हाणं

"माका ब्याड म्हणता! ह्या मशीन माका ब्याड म्हणता!"

आमच्या हेडक्लार्ककाकांचा आवाज असा सुटला की काजू फोडणाऱ्या बायांचे हात जागच्या जागी थांबले आणि तिकडे मालवणच्या बंदरात दोन होड्या माघारी फिरल्या. हे मला एका खात्रीलायक माणसाने सांगितलं. तो मीच.

धावत गेलो. पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं : बॅड कमांड ऑर फाइल नेम.

"काकानू, तुमका नाय, तुमच्या हुकमाक ब्याड म्हणता."

"आणि हुकूम कोणाचो? माझोच मां?"

यावर संगणकशास्त्राकडे आजही उत्तर नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या काजू-आमरसाच्या कारखान्यात साहेबांनी संगणक आणला होता, आणि मुंबईत कोर्स करून आलेला मी जिल्ह्यातला एकमेव संगणकपंडित होतो. दुसरा कोणी असलाच तर तो माझ्यासमोर यायला धजला नसावा. काकांचं रोजचं काम एवढंच : मालसाठ्याचा प्रोग्राम चालवायचा, यादी क्रमाने लावायची, छापायची, फ्लॉपीवर उतरवायची. प्रत्येक पायरीला एक हुकूम टाइप करायचा. काका एकेका अक्षरावर बोट असं आपटत की टेबलाखालचं मांजर बाळंत व्हायचं राहिलं होतं.

आणि आता काकांच्या गावची जत्रा तोंडावर आली होती. मिठबावच्या बाजूचं गाव, देवळात गाऱ्हाणं घालायचा मान काकांच्या घराकडे. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाशी खड्या आवाजात केलेलं बोलणं. वाक्य संपलं की गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा!" काका गेले नाहीत तर तो मान शेजारच्या चुलतभावाकडे जाणार होता आणि त्या चुलतभावाशी आंब्याच्या एका फांदीवरून बोलणं बंद होतं. साहेब मात्र पुण्याचे. "तुम्ही गेल्यावर मशीन कोण चालवणार? रजा नाही."

म्हणून मी काकांना बॅच फाइल शिकवायला बसलो. "मशीनीक रोज जा सांगतास ता एकदाच एका फायलीत लिवन ठेवायचा. एका खाली एक. फायलीचा नाव टाइप केला की मशीन वरसून खाली सगळा आपणच करता."

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे गाऱ्हाणाच रे ह्या! आदी सांगतलस नाय तो?"

त्यानंतर त्यांना थांबवणं माझ्या बापाच्याने झालं नसतं. नुसतं 'छाप' म्हणणं त्यांना उद्धट वाटे. म्हणून पडद्यावर मजकूर दाखवणारी आज्ञा वापरून त्यांनी रोमन लिपीत प्रत्येक कामाआधी देवाला हाक घातली : बा म्हाराजा, आजचो माल मोजून घे. फ्लॉपी बदलायला वेळ मिळावा म्हणून मी 'पॉज' शिकवला होता. तो त्यांनी प्रत्येक ओळीनंतर घातला. तिथे मशीन थबकून म्हणे, 'स्ट्राइक अ की व्हेन रेडी'. काकांच्या मते 'व्हय म्हाराजा' म्हणायची जागा ती हीच. फाइलचं नाव ठेवलं 'रोज'. गाऱ्हाण्याच्या शेवटी, अशीच वर्साच्या वर्सा आमच्याकडून सेवा करून घे, असं देवाला सांगायचं असतं. काकांनी शेवटची ओळ लिहिली : रोज. म्हणजे उद्याही कर. फाइलने शेवटी स्वतःचंच नाव घेतलं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हे मशीनला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. काकांनी ती ओळ घातलीय हे मात्र काकांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

जत्रेच्या दिवशी सकाळी साहेबांनी परीक्षा घेतली. खुर्चीत टायपिस्टबाई. गोव्याकडच्या ख्रिश्चन, हातात कायम लेसची सुई. मशीन थबकलं, काका मागून म्हणाले, "व्हय म्हाराजा!" बाई म्हणाल्या, "आमेन," आणि बटण दाबलं. कोणाचंच काही बिघडलं नाही. यादी छापून आली. साहेबांनी रजेवर सही केली आणि शाई वाळायच्या आत काका एसटीत होते.

पडद्यावर पुन्हा हाक उमटली. "आता बंद व्हायला विचारत असेल," साहेब म्हणाले. "बाई, ते विचारेल तोवर उत्तर देत राहा. काम अर्धवट सोडायचं नाही." आणि मला जीपमध्ये घालून ते ओरोसला मीटिंगला निघाले.

संध्याकाळी परतलो तेव्हा छापील कागद आमच्या स्वागताला दारापर्यंत आला होता. तो दारातून बाहेर पडून तिठ्यापर्यंत गेला होता आणि कणकवलीची गाडी त्याच्यासाठी थांबली होती, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत असे. महिन्याचा कागद संपला होता. पहिल्या पानावर जेवढे काजू, तेवढेच शेवटच्या पानावर. बाईंची अर्धी लेस विणून झाली होती.

"बंद का नाही केलंत?" साहेब.

"विचारीत होता तो," बाई म्हणाल्या. "तुमीच सांगलात."

तिसऱ्या दिवशी काका आले. कपाळाला अंगारा, घसा पार बसलेला, चेहऱ्यावर चुलतभावाला पुरून उरल्याचं तेज. साहेबांनी कागदाचा भारा त्यांच्या टेबलावर आपटला. "हे काय आहे? कंपनीचा महिन्याचा कागद! कोण जबाबदार याला?"

काकांनी पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं, काजू जुळतात याची खात्री करून घेतली. मग ऑफिसातल्या शुद्ध मराठीत म्हणाले,

"मी त्या दिवशी रजेवर होतो, साहेब."