वहिनींनी केलेले दोन वाटे

मी फळीवरची किटली खाली काढली की वहिनींचा भाकरी थापणारा हात थांबायचा. मी ती किटली कुठे नेतो, कशाशेजारी ठेवतो, ते बघायच्या. मग पुन्हा थापायला लागायच्या, जरा जोरातच.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चाळीसगावजवळच्या आमच्या घरात आम्ही चौघं: कापसाची शेती बघणारा माझा मोठा भाऊ, वहिनी, मी आणि वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली माझी बायको. मी धुळ्याला चित्रकला शिकलो आणि जळगावला एका शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो. तिथे एका खोलीत राहायचो, शनिवारची सकाळची शाळा सुटली की पॅसेंजरने घरी यायचो. रविवार स्वयंपाकघरात चित्र काढण्यात जायचा.

धुळ्याला आमच्या सरांनी परदेशी चित्रांचं एक जाड पुस्तक दाखवलं होतं. त्यात टेबल इतकं कललेलं की वरची सफरचंदं घरंगळायला हवीत, पण एकही पडत नव्हतं. वाडग्याचं तोंड वरून बघितल्यासारखं आणि पोट समोरून. सावल्या जवळजवळ नाहीतच. मला ते फार पटलं. सफरचंदं काही आमच्याकडे नव्हती. किटली होती, पोचे पडलेलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं होतं, काळी कढई, सांडशी, एका बाजूने झिजलेला खलबत्ता. मी तेच पाटावर मांडायचो आणि पाट कागदावर उभा करायचो.

पहिलं चित्र बघून वहिनी पोट धरून हसल्या होत्या. त्या मूळच्या धुळ्याकडच्या. हसू आलं किंवा राग आला की अहिराणीत बोलायच्या.

"हाई बठ्ठं सांडी जाई ना, भाऊजी!"

मी सातवीत असताना त्या या घरात आल्या. आई गेल्यावर माझा डबा त्यांनीच केला. त्यामुळे त्या हसल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं. पुढे बायकोने जळगावला बिऱ्हाड करायचा विषय काढला, त्यामागून घराच्या वाटणीचं बोलणं निघालं आणि ते हसू बंद झालं.

एका रविवारी मी पातेल्याच्या कडेची रेघ दोनदा काढली होती, एक जरा सरकवून. वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या.

"एक पातेलं दोनदा का काढलंय?"

"दोन बाजूंनी दिसतंय, वहिनी."

"हां. एक बाजू तुमनी, एक आमनी?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्यानंतर भांडी नाहीशी व्हायला लागली. आधीच्या रविवारी मांडलेली सांडशी पुढच्या रविवारी सापडेना. मग खलबत्ता. विचारलं तर, "शेजारी दिलाय." शेजारच्या अक्कांकडे चौकशी केली, तर त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी खलबत्त्याच्या जागी कागद कोराच ठेवला. त्याच्याच आकाराचा पांढरा तुकडा. मला वाटलं, चित्र सुधारलं. वहिनींना वाटलं, मी चित्रातून त्यांच्यावर आळ घेतलाय.

"मांडेल नव्हतं ते बी मोजी लिधं का?" त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

दुपारी त्या शेतात गेल्यावर मी घर धुंडाळलं. माझ्याच घरात, चोरासारखा. सांडशी आणि खलबत्ता धान्याच्या कोठीमागे होते. त्याच्याही मागे जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं दुसरं काही होतं: तांब्याचा हंडा, पितळी घंगाळ, आईच्या लग्नातली मोठी परात. ही भांडी मी कधीच चित्रात घेतली नव्हती. फार चकाकत होती, त्यांच्यावर स्वयंपाकघरातला सगळा उजेड नाचायचा. मी परात दोन्ही हातांनी उचलून बघितली. जड होती. आकार बघायला कुणी भांडं तोलत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी लुगडं पुन्हा तसंच गुंडाळलं.

रात्री बायकोला म्हणालो, "त्यांना वाटतंय मी भांडी हेरून ठेवतोय."

"मग? नाही ठेवत आहात?"

"वेडी आहेस का? मी चित्र काढतोय."

ती अंधारात कुशीवर वळली. "वाटणी झाली की बघू," म्हणाली.

वहिनींनी मला लबाड समजू नये, एवढंच मला हवं होतं. वाटणीत एक चमचा मिळाला नाही तरी चालेल, असं मी स्वतःला सांगत होतो. ते मी खरं मानतही होतो.

दिवाळीनंतर भावाने गावातल्या दोन वडीलधाऱ्यांना बोलावलं. शेताचं बोलणं भांडण न होता उरकलं. भांड्यांची आमच्याकडे एक रीत आहे. मोठ्या जावेने दोन वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे वाटे करणारीला लबाडी करता येत नाही.

वहिनींनी ओसरीवर दोन वाटे केले. एकात हंडा, घंगाळ, परात आणि लग्नात आलेली स्टीलची भांडी. दुसऱ्यात किटली, जर्मनचं पातेलं, कढई, सांडशी, खलबत्ता आणि रोजचं किरकोळ. दुसऱ्या वाट्यात मी चित्रांत काढलेलं सगळं होतं. एकही सुटलं नव्हतं.

"सूनबाई, हे सारखं नाही झालं," वडीलधाऱ्यांपैकी भावाच्या शेजारी बसलेले आबा म्हणाले.

"रोजना वापरना वाटा शे तो," वहिनी म्हणाल्या. "भाऊजींना माहीत आहे त्याची किंमत. उचलू द्या त्यांना."

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी किटलीकडे बघितलं. त्या किटलीची चोच मी किती वेळा खोडून काढली होती, मलाच ठाऊक. बायको दाराआड उभी होती, तिच्याकडे मी बघितलंच नाही. तिच्यावर ढकलता येणार नाही. मी पुढे झालो आणि परातीला हात लावला.

आबांनी मान डोलावली. भाऊ जमिनीकडे बघत राहिला.

मला वाटलं, आता वहिनी सगळ्यांसमोर बोलतील. त्या उठल्या, माझ्यासमोर आल्या. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे भरले होते.

"चुकनं मनं, भाऊजी. माले वाटे, तुम्ही ती भांडी तुमच्यासाठी निवडी राह्यनात. ते तर नुसतं चित्रच होतं. मी उगा तुम्हाला चोर ठरवलं."

त्या खरंच माफी मागत होत्या. ओसरीवरचे सगळे ऐकत होते.

"असू द्या, वहिनी," मी म्हणालो आणि परात उचलली.