शनिवारचं पाणी

पंधरा मे, शनिवार. कडक दुपार. क्लबच्या पोहण्याच्या तलावाच्या कडेची फरशी मी ब्रशनं घासत होते. माझी मुलगी पाण्यात होती. तेवढ्यात सेक्रेटरींच्या पत्नी आल्या.

"अगं, हिला आज कुणी उतरवलं?"

"मीच, काकू."

त्यांना सगळे मैडम जी म्हणतात. मी काकू म्हणावं हा त्यांचाच हट्ट. झाशीत मराठी घरं मोजकी, म्हणून माझ्याशी मराठीत बोलतात. त्यांचे पूर्वज इथे दफ्तर सांभाळायला आले, माझे त्यांच्या घोड्यांची लीद उचलायला. आपली माणसं, म्हणतात त्या. चहाचा कप मात्र माझा वेगळा.

क्लबची पद्धत अशी. आठवडाभर सभासदांची मुलं पोहतात. शनिवारी संध्याकाळी पाणी सोडून देतात. त्याआधी दुपारी नोकरांची मुलं उतरली तर चालतं. माझ्या मुलीला दमा. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "बिटिया को तैरना सिखाओ, छाती मजबूत होगी." दुसरीकडे कुठे शिकवणार? त्या गढूळ, तेलकट पाण्यात ती शिकली. धाप कमी झाली. मी उपकार मानत राहिले.

या रविवारी सभासदांच्या मुलांच्या शर्यती होत्या, म्हणून पाणी शुक्रवारीच बदललं. मला ठाऊक होतं. पण शनिवार तो शनिवार. मुलगी बुडी मारून वर आली, म्हणाली, "मम्मी, नीचे की टाइलें दिख रही हैं." तलावाचा तळ तिनं पहिल्यांदाच पाहिला.

काकूंनी तिला बाहेर यायला लावलं. आवाज चढवला नाही. "उद्या आपली मुलं उतरायचीत. नुसतं क्लोरीन टाकून भागणार नाही. सोडून दे सगळं पाणी. रात्रीतून भरून घेऊ."

विटाळ म्हणाल्या नाहीत. क्लोरीन म्हणाल्या.

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात. इथे माझी पोर उतरली म्हणून तलाव रिकामा करायचा. तोही मी.

मुलगी फ्रॉक पिळत उभी होती. घरी ती हिंदीच बोलते, मराठी नुसतं कळतं. ती काकूंना मराठीत म्हणाली, "मी आंघोळ करून आले होते."

काकू हसल्या. "अगं बाई, हिला मराठी येतं की."

ते हसू मला लागलं. शनिवार आमचा आहे असं मी समजत होते. आमचं होतं ते फक्त मळलेलं पाणी.

मी ब्रश खाली ठेवला. "पाणी सोडणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"येणार. कामाला नाही."

पाणी सोडायचा व्हॉल्व्ह पंपाच्या खोलीत. त्या खोलीला कुलूप घातलं. एकच किल्ली, ती कमरेला खोचली. मुलीला घेऊन घरी आले. नोकरी गेली होती. मुलीचं पोहणं मी जाऊ देणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्यती सुरू व्हायच्या आधी आम्ही दोघी तलावावर गेलो. सभासद खुर्च्यांवर बसले होते. किल्ली काकूंच्या पुढ्यात ठेवली आणि सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत म्हटलं, "कल मेरी बेटी इसी पानी में तैरी है. आज भी तैरेगी. जिसे उतरना हो उतरे, जिसे न उतरना हो, बैठा रहे."

मग मुलीला म्हटलं, "उतर."